धाकट्या महालक्ष्मीचा मुखवटा

मी, रागिणी देवराव ताथोड, वय वर्षे बासष्ट, अविवाहित, सेवानिवृत्त कारकून, राहणार अमरावती, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने, निळ्या शाईने, चष्मा लावून लिहीत आहे. माझी बुद्धी शाबूत आहे. स्मरणशक्ती गरजेपेक्षा जास्तच शाबूत आहे. माझ्यावर कोणाचाही दबाव चाललेला नाही. दबाव टाकणारे पुष्कळ आहेत, त्यांची नावे पुढे ज्या त्या कलमात येतील.

दस्तनोंदणीच्या कार्यालयात मी एकतीस वर्षे काढली. तेवढ्या काळात शेकडो मृत्युपत्रे माझ्या हाताखालून गेली आणि जवळजवळ प्रत्येकात सुरुवातीलाच माणसाच्या नश्वर देहावर चार ओळी असत. त्या मी गाळत आहे. मला मधुमेह आहे, दोन्ही गुडघे गेले आहेत, आणि यंदा मे महिन्यात छातीत दुखले म्हणून तीन दिवस दवाखान्यात काढून आले आहे. एवढे कारण पुरे. यापूर्वी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे जुने रद्द करण्याचा प्रश्न येत नाही.

खरी भानगड घराची किंवा बँकेतल्या ठेवीची नाहीच. भानगड आहे पत्र्याच्या एका पेटीतल्या दोन मातीच्या मुखवट्यांची. भाद्रपदात आमच्याकडे महालक्ष्म्या बसतात, ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी सख्ख्या बहिणी, तीन दिवस माहेरपणाला येतात. त्यांचे हे मुखवटे हिवरखेडचे, माझे आजोबा खुशालराव यांच्या घरातले. माझ्यानंतर ते कोणाकडे जावेत यावरून ताथोड घराण्यात तीन वर्षे जे काही चालले आहे त्याचा मला अक्षरशः वीट आला आहे. मरण्यापूर्वी हे एकदाचे निस्तरावे म्हणून दिनांक १० जुलै २०२५ रोजी लिहायला बसले.

कलम १. माझी आई.

मालमत्ता कुठून आली ते लिहावे लागते. माझ्याकडे जे आहे ते आईकडून आले, म्हणून आईबद्दल लिहिणे भाग आहे.

आईचे माहेरचे नाव हॅनेलोरे क्राउझे. जन्म १९३४, जर्मनीच्या पूर्वेकडच्या एका खेड्यात. महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात त्यांना गाव सोडावे लागले. तिकडची माझी आजी दोन मुलींना घेऊन पायी निघाली आणि एकीलाच घेऊन पोचली. धाकटी एर्ना, सात-आठ वर्षांची, वाटेत थंडीने गेली. हे आईने मला जन्मात एकदाच सांगितले, तेही तुरीच्या शेंगा सोलताना, आणि सांगून झाल्यावर "टोपली सरकव इकडे" म्हणाली. दोघी बहिणींचा एक फोटो तिच्याकडे होता. त्यात धाकटीच्या डाव्या गालाला खळी आहे आणि ती फोटो काढणाऱ्यावर वैतागलेली दिसते.

पुढे आई बव्हेरियात वाढली आणि सोळाव्या वर्षी बाहुल्यांच्या कारखान्यात लागली. बाहुल्यांचे चेहरे रंगवायचे काम. माझे वडील देवराव १९५८ साली कापसाच्या जिनिंगची यंत्रे शिकायला त्याच गावात गेले. तिथे त्यांना थंडी मानवली नाही, जेवण मानवले नाही, फक्त आई मानवली, असे ते सांगत. १९६१ साली दोघे बोटीने मुंबईला आणि तिथून रेल्वेने अकोल्याला उतरले.

हिवरखेडच्या घरी उंबऱ्यावर तांदळाचे माप ठेवले होते. पायाने लवंडून आत यायचे. आई थांबली. धान्याला पाय लावणार नाही म्हणाली, म्हणजे जर्मनमध्ये म्हणाली आणि वडिलांनी घाम पुसत मराठीत सांगितले. मग तिने वाकून दोन्ही हातांनी माप उचलले आणि आत नेऊन ठेवले. जमलेल्या बायका तोंडाला पदर लावून उभ्या. माझी आजी मात्र म्हणाली, "हे पोरगी उपाशी राह्यलेली हाये. हिच्या हातून काई वाया जाणार नाई." तांदळात नाव कोरले वच्छला. पुढची साठ वर्षे आई सरकारी कागद सोडून सगळीकडे वच्छला होती.

मराठी ती सासूकडून शिकली, त्यामुळे तिला एकच मराठी येत असे. माझा भाऊ गजेंद्र याच्या लग्नात पुण्याची मंडळी मनात इंग्रजी वाक्ये जुळवून आली होती. आई विहीणबाईंना म्हणाली, "काहून बाई, जेवल्या नाई का तुमी? तोंड काहून उतरलं?" विहीणबाई अजून सावरलेल्या नाहीत.

तिच्याबरोबर राहणे सोपे नव्हते, हे मी शपथेवर लिहीत आहे. सातचे जेवण म्हणजे सात. गजेंद्र एकदा साडेसातला आला तर ताट झाकून ठेवलेले आणि झाकणावर चिठ्ठी, "थंड आहे. तूच थंड केलं." महालक्ष्मीच्या सोळा भाज्या टपालाच्या तराजूवर तोलून घेई. स्वयंपाकघराच्या दारामागे वेळापत्रक लावी. त्यात "३.१० आंबील ढवळणे" असे असे, आणि तीन वाजून दहा मिनिटांनी घरात जो असेल त्याला ढवळावी लागे, मग तो पाहुणा का असेना. ती गेली २०२२ च्या फेब्रुवारीत, अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, सकाळचा चहा घेऊन झाल्यावर, कप विसळून. मला तिची रोज आठवण येते आणि रोज तिचा रागही येतो.

कलम २. घर.

अमरावतीचे राहते घर, तीन खोल्या, गच्ची आणि मागचे परस, आईने मला दिले. ते माझ्या पश्चात माझी भाची आचल गजेंद्र ताथोड हिला मिळावे. गजेंद्रला का नाही, असे तो विचारील. त्याने हे घर विकून टाकण्याचा सल्ला मला आजवर नऊ वेळा दिला आहे, त्यातला एक आईच्या तेराव्याला. आचलने एकदाही दिलेला नाही. परसातले संत्र्याचे झाड तोडायचे नाही. फळ आंबट आहे, मला मान्य आहे. तरी तोडायचे नाही.

कलम ३. ठेव, घड्याळ व हत्यारे.

बँकेतली ठेव गजेंद्र आणि आचल यांनी निम्मी निम्मी घ्यावी. वडिलांची हत्यारांची पेटी आणि भिंतीवरचे घड्याळ गजेंद्रला. घड्याळाला दर रविवारी किल्ली द्यावी लागते. रविवारी तो मला फोन करतो, चार मिनिटे. मी नसेन तेव्हा ती चार मिनिटे रिकामी होतील, तेव्हा सबब सांगू नये.

कलम ४. वर्तमानपत्रे.

दरवर्षी महालक्ष्म्यांच्या सुमारास कोणी ना कोणी वार्ताहर यायचा आणि "जर्मन सूनबाईंनी जपली परंपरा" अशा मथळ्याखाली आईचा फोटो छापायचा. दरवर्षी एकच प्रश्न, इथे करमते का? पंचेचाळीस वर्षे अमरावतीत राहिलेल्या बाईला. शेवटच्या वर्षी आईने त्या मुलाला विचारले, "तुले करमते का?" आणि तो खरेच विचारात पडला. त्याला तिने जेवायला वाढले. माझ्या पश्चात आईवर किंवा माझ्यावर कोणतीही बातमी, लेख वा श्रद्धांजलीचा फलक देऊ नये.

कलम ५. वही, भट्टी व संघपाल सर.

आईची स्वयंपाकाची वही आचलची. तीत पुरण, आंबील, कटाची आमटी सगळे ग्रॅममध्ये आहे आणि समासात आजीची मते आहेत. आचलने माझ्या आईच्या हाताखाली पाच वर्षे आंबील केली आहे. तिनेच मला सांगितले, "आत्या, मला मुखवटे नकोत, मला त्यांची भीती वाटते. वही दे."

आईने हिवरखेडच्या परसात पाव भाजायला मातीची भट्टी बांधली होती. तशीच दुसरी इथे बांधली. ज्वारीच्या पिठाचा पाव करायची. शाळेत माझा डबा पाहून मुली विचारायच्या की तुझ्या आईने वीट दिली का. शेजारचे संघपाल सर तो पाव चाळीस वर्षे आवडीने खात आले आणि पाव भाजायच्या डब्यांवर त्यांचा डोळा आहे. पण ते या मृत्युपत्राला साक्षीदार राहणार आहेत, आणि ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते त्याने साक्षीला राहू नये, हे मी एकतीस वर्षे टेबलापलीकडच्या लोकांना ओरडून सांगत आले. त्यामुळे सरांना काही मिळणार नाही. डबे त्यांनी आजच घेऊन जावेत.

कलम ६. जयवंताकाकू.

माझे काका भगवंतराव यांच्या पत्नी, म्हणजे आईच्या धाकट्या जाऊबाई, जयवंता, वय शहात्तर, अकोल्याला मुलगा मनोज याच्याकडे असतात. काका आता नाहीत. काकूंबद्दल माझ्या तक्रारी पुढीलप्रमाणे नोंदवून ठेवते.

एक, १९६८ साली, मी पाच वर्षांची असताना, हिवरखेडच्या घरी मला परसात जायचे होते. पावाचा वास येत होता. काकू नवी नवरी, दारात उभी. तिने माझा हात पिरगळून मला माघारी हाकलले. कारण सांगितले नाही. सत्तावन्न वर्षे झाली, अजून सांगितलेले नाही.

दोन, १९७५ साली आजीने महालक्ष्म्या आईच्या हाती दिल्या, आणि पुढच्या वर्षी आम्ही त्या अमरावतीला आणल्या. तेव्हापासून दरवर्षी काकू जेवायला यायच्या आणि उंबरा ओलांडायच्या आत सुरू व्हायच्या. "वयनी, पुरण पात्तळ झालं." "वयनी, लक्ष्मीच्या निऱ्या अशा असतात का?" आईही सोडायची नाही. "जयवंता, मागच्या वर्सी तू सात पोया खाल्ल्या पात्तळ पुरणाच्या." चार घरी ऐकू जाईल असे भांडण. दोघी सुना, त्यातली एक परदेशची, आणि मान मिळाला परदेशच्या सुनेला, हे काकूंना सोसले नाही असे सगळे घराणे मानते. मीही मानत आले.

तीन, दरवर्षी काकू बांगड्या आणायच्या, त्याही फक्त कनिष्ठेसाठी. थोरलीला नाही. मिरवायला, दुसरे काय. मग धाकटीसमोर बसून राहायच्या आणि हलायच्या नाहीत. वाढायला आम्ही.

चार, आईच्या अस्थी कुठे न्यायच्या हे माझ्या भावाने आणि मी ठरवण्याआधी काकूंनी ठरवून टाकले, कौंडण्यपूर, वर्धा नदी. का, तर ते काकूंचे माहेर. माझ्या आईच्या अस्थी यांच्या माहेरी का? मी तेव्हा बोलले नाही. आता बोलत आहे.

पाच, आई गेली त्याच वर्षी मनोजने घराण्याच्या व्हॉट्सॲप गटावर टाकले की महालक्ष्म्या सुनेच्या असतात, अविवाहित लेकीच्या नसतात. गजेंद्रदादांच्या घरी पुण्याला त्या बसत नाहीत. सबब पिढीजात मुखवटे अकोल्याला द्यावेत, त्याच्या आईची तशी इच्छा आहे. खाली सतरा जणांचे हात जोडलेले. त्यानंतर तीन वर्षे काकू फोनवर एकच विचारत आहेत, "मंग, कवा आणतं लक्ष्म्या?"

कलम ७. मुखवटे.

(हे कलम मी स्वतः खोडले आहे. एकच रेघ मारली आहे आणि समासात सही केली आहे. खोडलेलेही वाचता आले पाहिजे, असा नियम आहे.)

सदर मुखवटे कोणत्याही परिस्थितीत अकोल्याला जाऊ नयेत. कारण पुढीलप्रमाणे. आई गेल्यानंतरच्या भाद्रपदात मी मुखवटे पुसायला काढले. आईच्या हयातीत ते काम दुसऱ्या कोणाला नव्हते. धाकटीच्या मुखवट्याला आतून, जिथे कोणी पाहत नाही, पेन्सिलने जर्मनमध्ये लिहिलेले आहे, एर्ना, आणि दोन साले, १९३७ आणि १९४५. अक्षर आईचे. मी फोटो काढून शेजारी धरला. डाव्या गालाला खळी. आमच्या घरी कोण जाणे किती वर्षे कनिष्ठा म्हणून माझी जर्मनीची मावशी बसते आहे. पिढीजात मुखवटा केव्हा गेला, कसा गेला, आईने हा केव्हा केला, मला ठाऊक नाही. आईने सांगितले नाही. सांगायला तिच्याकडे सगळे आयुष्य होते.

हे अकोल्याला कळले तर काय होईल ते मला दिसते. "परक्या बाईनं देव बदलला" असे म्हणतील, ज्या बाईने धान्याला पाय लावला नाही तिच्याबद्दल म्हणतील, आणि ती उत्तर द्यायला नसेल. ही गोष्ट मी होऊ देणार नाही. सबब मुखवटे माझ्यामागे आचलने बंद पेटीत ठेवावेत आणि कोणाला दाखवू नयेत.

कलम ७ खोडण्याबाबत खुलासा.

वरील कलम लिहून महिना झाला तरी मला चैन पडेना. मृत्युपत्र उघडल्यावर सगळे वाचतील, म्हणजे काकूही वाचतील किंवा मनोज वाचून दाखवील. त्यापेक्षा आपण तोंडावर सांगावे. खरे लिहायचे तर मला काकूंचा चेहरा पाहायचा होता. पन्नास वर्षे जिच्यासमोर बसून बांगड्या वाहिल्या ती कोण निघाली, हे ऐकताना.

दिनांक १६ ऑगस्ट रोजी मी पेटी मांडीवर घेऊन एसटीने अकोल्याला गेले. एकच मुखवटा नेता आला असता, पण दोघी बहिणींची ताटातूट करायची नाही असे आई म्हणायची. मनोज त्याच्या बी-बियाण्यांच्या दुकानात गेला होता. काकू तक्तपोसावर बसून तुरीची डाळ निवडत होत्या.

मी पेटी उघडली, धाकटी उलटी करून त्यांच्यासमोर धरली आणि म्हणाले, "काकू, ही जुनी नाही. आईने केलेली आहे. हिच्या आत नाव आहे."

काकूंनी मान वर केली नाही. "मले मालूम हाये," म्हणाल्या. "हळू धर. ते नाकाकडून कच्ची हाये."

मी मुखवटा सरळ केला आणि दोन्ही हातांनी धरला.

"बस," काकू म्हणाल्या. "माह्या माहेरी, कौंडण्यपुरात, लक्ष्म्या पितळीच्या. चिंच लावाची अन् घासाची. मी नवी नवरी. सासूनं सांगतलं, मुखवटे साफ करून ठेव. मी घेतली चिंच, घेतली राख, अन् बसली घासत. मले काय मालूम तुमच्या मातीच्या हायेत म्हणून? थोरली पेटीतच होती म्हणून वाचली. धाकटीचा रंग गेला, डोये गेले, अन् मंग हातातून सटकली. दगडावर."

"मग?"

"मंग काय. मी रडून राहिली. सासूले मालूम झालं असतं त दुसऱ्या दिवशी मले माहेरी पोचवलं असतं, कायमचं. तेवढ्यात वयनी आली. खाली पाह्यलं. मले म्हणे, जयवंता, चूप. आठ दिवस हायेत."

आठ दिवस. कुंभाराकडून माती आईने आणली, काकूने पदराआड घरात घेतली. दोघींनी ती कोठीत सुकवली आणि आईने पावाच्या भट्टीत भाजली, वर पाव ठेवून, म्हणजे वास पावाचा यावा. दारावर पहारा काकूंचा. कोणालाही आत सोडायचे नाही.

"अन् तू आली," काकू मला म्हणाल्या. "पाच वर्साची, पण आवाज केवढा. आई पाव दे, आई पाव दे. सासू पडवीत झोपलेली. मी काय करू? पिरगळला हात. लय दुखला का?"

मी म्हणाले, खूप दुखला. सत्तावन्न वर्षे दुखला.

"दुखला असंन," त्या म्हणाल्या आणि डाळीतला एक खडा काढून बाजूला टाकला. "मंग रंगवाची वेळ आली त वयनी अडली. म्हणे, जुनीचा चेहरा मले आठवत नाई, कोणाचा काढू? तिनं मले सांगतलं होतं लहान बहिणीचं. थंडीत गेली ते, रस्त्यातच. मी म्हटलं, वयनी, लक्ष्मी लहानच काढाची हाये ना? मंग तुह्या लहानीचा काढ. वयनी रडली. मी तिले त्या एकाच दिवशी रडताना पाह्यलं. मंग ब्रश घेतला, अन् खळी पयले काढली."

मी विचारले, मग ती भांडणे?

"सासू म्हणे, दोघी सुना एक झाल्या त माह्यं कोण आयकीन. मुखवट्याले नवा रंग देल्ला म्हणून सांगतलं, तरी तिचं ध्यान आमच्यावरच. वयनीनं सांगतलं, जयवंता, लोकाईदेखत तू माह्याशी भांडत जाय, म्हणजे कोणाले शक नाई येत. भांडलो. सासू गेली, तवा थांबाले पायजे होतं. पण सवय पडली होती, बाप्पा. अन् तुह्या आईशी भांडाले मजा येत होती, खोटं काहून बोलू?"

मी उठले, स्वयंपाकघरात जाऊन पाणी प्यायले, परत आले आणि काकूंवर ओरडले. काय काय ओरडले ते मृत्युपत्रात लिहिण्यासारखे नाही. तुम्ही दोघींनी आम्हाला मूर्ख बनवले, मी आईच्या बाजूने पन्नास वर्षे तुमचा द्वेष केला, एवढी मेहनत वाया गेली, असा मुद्दा होता. काकू ऐकत होत्या. शेजारीण दारात येऊन पाहून गेली. मी थांबले तेव्हा म्हणाल्या, "तुह्या आईसारखीच ओरडतं."

मग मी विचारले की हे सगळे ठाऊक होते, तर तीन वर्षे मुखवट्यांसाठी माझा जीव का खाल्ला. पिढीजात नाहीत हे माहीत असूनही मनोजकडून ते सगळे का लिहवून घेतले.

काकूंनी सूप बाजूला ठेवले आणि धाकटीला मांडीवर घेतले.

"पिढीजात मनोज म्हणते. मी नाई म्हणत," त्या म्हणाल्या. "तुले त मालूमच नोतं हे कोण हाये. वयनी होती तवर वर्सातून तीन दिवस ही पोरगी माहेरी येत होती, बहिणीजवळ. आता वयनी नाई. हिले ओळखणारं दुसरं कोण हाये, सांग? मी गेली त हे नुसती लक्ष्मीच राहीन."

आईच्या मृत्यूनंतर मी फार रडले नव्हते. क्रियाकर्म, कागदपत्रे, बँक, वारसनोंद, वेळ झाला नाही. त्या दिवशी मी अकोल्यात, तक्तपोसाच्या कडेला, शेजारीण दारात असताना रडले, आणि कौंडण्यपूरचेही मला तेव्हाच कळले. काकूंनी त्यांच्या थोरल्या बहिणीला माहेरी नेले होते. तक्रार क्रमांक चार मी मागे घेते. क्रमांक एक, दोन आणि तीन हेही मागे घेते. क्रमांक पाच मनोजविरुद्ध कायम ठेवते, कारण त्याला काही ठाऊक नव्हते आणि तरी त्याने एवढे लांबलचक लिहिले.

आता अडचण अशी की मृत्युपत्र लागू व्हायला मला आधी मरावे लागते. काकू शहात्तर, मी बासष्ट. मी काकूंच्या आधी जावे म्हणून प्रयत्न करावा, इतकी काही मी भली नाही. म्हणून पेटी त्याच दिवशी काकूंच्या हाती दिली आणि रिकाम्या मांडीने परत आले. मुखवटे आता माझ्या मालमत्तेत नाहीत, सबब कलम ७ रद्द. यंदा ३१ ऑगस्टला महालक्ष्म्या अकोल्यात येतील. आंबील आचल करील, वही घेऊन, पुण्याहून रजा काढून. काकूंनी तिला आत्ताच फोनवर बजावले आहे की वहीत मीठ जास्त लिहिलेले आहे. काकूंनंतर मुखवटे कोणाकडे जावेत ते काकूंनी ठरवावे आणि ज्याच्याकडे जातील त्याला एर्ना कोण ते सांगावे. फोटोची एक प्रत मी पेटीत ठेवली आहे, नाव मराठीत लिहून.

कलम ८. व्यवस्था.

या मृत्युपत्राची अंमलबजावणी आचलने करावी. मृत्युपत्र वाचताना सगळ्यांनी वेळेवर यावे. सातला म्हणजे सातला.

दोन साक्षीदार लागतात. संघपाल सर आज सहीसाठी माझ्याबरोबर एसटीने अकोल्यापर्यंत आले, पावाचे डबे त्यांना मिळालेले आहेत. दुसरा साक्षीदार म्हणून मनोज तयार होता, पण काकू म्हणाल्या की त्या सही करतील. मुखवटे हयातीतच दिल्यामुळे काकूंना या मृत्युपत्रातून काहीही मिळत नाही, तेव्हा माझी हरकत नाही. नात्याच्या रकान्यात मी आधीच "काकू" लिहून ठेवले होते. काकूंनी चष्मा मागितला, ते खोडले आणि स्वतःच्या हाताने काय ते लिहिले. खोडल्याजागी त्यांची सही आहे. मी ते दुरुस्त करणार नाही.

वरील सर्व मजकूर मी लिहिला, वाचला आणि दोघा साक्षीदारांदेखत त्याखाली सही केली.

स्थळ : अकोला
दिनांक : २४ ऑगस्ट २०२५

मृत्युपत्र करून देणार : रागिणी देवराव ताथोड (सही)

साक्षीदार १ : संघपाल महादेव इंगोले, निवृत्त शिक्षक, अमरावती (सही)
नाते : शेजारी

साक्षीदार २ : जयवंता भगवंत ताथोड, अकोला (सही)
नाते : ~~काकू~~ हॅनेलोरेची लहान बहीण